सहा पत्रं आणि टिश्यूचा डबा

चारचौघांत कुणी रडायला लागलं तर शेजारच्याने काय करावं, हा आपल्याकडे प्रश्नच नसतो. पाठीवरून हात फिरवायचा, पाणी आणून द्यायचं, ‘होईल गं सगळं नीट’ म्हणायचं. को-डिपेंडंट्स ॲनॉनिमस, थोडक्यात ‘कोडा’, या संघाच्या काही सभांमध्ये मात्र यातलं काहीच करायचं नसतं. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि मधे टिश्यूचा डबा ठेवलेला असतो. रडणाऱ्याला हवा असेल तर तो उठतो, चार पावलं चालतो आणि आपला कागद आपण ओढून घेतो. शेजारी बसलेल्या नव्या बाईचा हात सवयीने डब्याकडे जातो आणि अर्ध्या वाटेवरून मागे येतो.

बाहेरून बघणाऱ्याला हा कोरडेपणा वाटेल. पण इथे येणाऱ्यांचं दुखणं नेमकं त्या हातातच आहे. नवऱ्याचं पिणं, मुलाचा हट्ट, आईचा रुसवा, बॉसचा मूड, सगळं सांभाळता सांभाळता ज्यांचं स्वतःचं आयुष्य गहाण पडलं, अशी ही मंडळी असतात. समोरचा हसला तर यांचा दिवस चांगला, समोरचा गप्प बसला तर यांना रात्रभर झोप नाही. या अवस्थेला इंग्रजीतून आलेला शब्द कोडिपेंडन्सी. मराठीत कुणी ‘सहव्यसन’ म्हणतं, कुणी ‘परावलंबी नातं’ म्हणतं, पण दोन्ही शब्द अंगाला नीट बसत नाहीत. सहव्यसन म्हणावं तर प्रत्येक घरात व्यसनी माणूस असतोच असं नाही, आणि परावलंबी म्हणावं तर ही माणसं बाहेरून सगळ्या घराचा आधारस्तंभ दिसतात.

रडणाऱ्याला कागद द्यायचा नाही, बोलणाऱ्याला सल्ला द्यायचा नाही, या रिवाजांचा माग काढत गेलं की आपण दारूच्या गुत्त्याजवळ पोहोचू असा सर्वांचा अंदाज असतो. तिथे थांबावं लागतंच. पण वाट त्याच्याही मागे जाते, आणि सुरुवातीला दारूचा थेंबही नाही. तिथे जेवणाच्या खर्चावरून झालेलं एक भांडण आहे.

फ्रँक बुकमन हा पेनसिल्व्हेनियातला तरुण लूथरन पाद्री फिलाडेल्फियात गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत होता. मुलांच्या खाण्यावर किती खर्च करायचा, यावरून त्याचं आणि सहा विश्वस्तांचं बिनसलं. १९०७ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि डोक्यात राख घालून युरोप गाठला. १९०८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केझिक गावी एका छोट्याशा चॅपलमध्ये जेसी पेन-लुईस या बाईंचं प्रवचन ऐकताना त्याला जाणवलं की विश्वस्त चुकले असतील, पण त्यांच्याविषयीचा आकस आपण वर्षभर स्वतःच्या पोटात वाढवला आहे. त्याने सहा विश्वस्तांना सहा पत्रं लिहिली. विषय एकच: तुमच्याविषयी मी मनात राग धरला, त्याची क्षमा मागतो. सहापैकी एकाचंही उत्तर आलं नाही.

उत्तर न येताही तो मोकळा झाला, आणि हा अनुभव त्याने आयुष्यभर इतरांना वाटला. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिला पुढे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ हे नाव चिकटलं. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम ही तिची चार तत्त्वं, आणि तीही शंभर टक्के हवीत असा आग्रह. रीत साधी होती. आपले दोष दुसऱ्यासमोर मोकळेपणी बोलायचे, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करायची, सकाळी वही घेऊन शांत बसायचं आणि मनात उमटेल ते लिहायचं. लिहिलेलं मग इतरांना दाखवायचं. तो खरंच देवाचा आवाज आहे की आपल्याच मनाचे खेळ, हे सोबती तपासून सांगणार. म्हणजे कागद न देण्याच्या रिवाजाच्या या पूर्वजाकडे सल्ला देण्याची पूर्ण मुभा होती.

या चळवळीची एक फांदी आपल्या अंगणात आली आहे. १९३८ मध्ये तिने ‘मॉरल रीआर्मामेंट’ असं नाव घेतलं आणि १९६८ मध्ये राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने पाचगणीला ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र सुरू झालं. दुसरी फांदी त्याच्या खूप आधी न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांच्या हाती लागली होती.

ती गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून भरभर. रोलंड हझार्ड या श्रीमंत अमेरिकन माणसाला मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने सांगितलं की तुझं पिणं औषधाने सुटणार नाही, एखाद्या आध्यात्मिक अनुभवाने सुटलं तर सुटेल. रोलंड ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये गेला. त्याने एबी थॅचरला ओढलं, एबीने आपला जुना पिणारा मित्र बिल विल्सन याला. शेअर बाजारात उद्ध्वस्त झालेला बिल डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला आणि त्यानंतर कधी प्याला नाही. पुढचे पाच महिने तो रस्त्यावरच्या दारुड्यांना गाठून गाठून उपदेश करत राहिला. एकही सुधारला नाही. त्याचे डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्याला बजावलं की हे प्रवचन बंद कर, आजाराबद्दल बोल.

मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामाला बिल ओहायोतल्या ॲक्रनला गेला होता. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, एका टोकाला बार गजबजलेला, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि चर्चच्या यादीवरून फोन लावत सुटला. शेवटी त्याची गाठ घालून दिली गेली डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी. डॉक्टर वैतागलेलेच होते, पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं ठरवून आले आणि कित्येक तास बसून राहिले. कारण त्या संध्याकाळी बिल त्यांना सुधारायला गेलाच नव्हता. स्वतःचं पिणं पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तो स्वतःचीच गोष्ट सांगत होता. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा जन्मदिवस मानला जातो. सल्ला न देण्याच्या रिवाजाचं मूळ मला या बैठकीत दिसतं. माणूस आपल्याबद्दल बोलला की ऐकणारा आपणहून जवळ येतो, हे बिलला पाच महिन्यांच्या अपयशानंतर कळलं होतं.

पुढे दारुडे ऑक्सफर्ड ग्रुपमधून वेगळे झाले. शंभर टक्क्यांचा आग्रह त्यांना झेपणारा नव्हता. डिसेंबर १९३८ मध्ये ब्रुकलिनच्या १८२, क्लिंटन स्ट्रीट या घरात बिलने अंथरुणात पडल्या पडल्या पिवळ्या कागदांवर बारा पायऱ्या लिहून काढल्या. नास्तिक सोबत्यांनी हट्ट धरला, म्हणून देवाच्या उल्लेखापुढे ‘आपल्याला जसा समजेल तसा’ अशी सवलत जोडली गेली. या बारा पायऱ्या दारूवरच्या आहेत असं सगळे समजतात. पण मोजून पाहा. दारूचं नाव फक्त पहिल्या पायरीत येतं आणि दारुड्यांचं फक्त बाराव्या पायरीत. मधल्या दहांमध्ये आहे ते हिशेबाचं काम: आपल्या दोषांची झडती, ती दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखवणं, ज्यांना दुखावलं त्यांची यादी, आणि त्यांचं आणखी नुकसान होणार नसेल तर जाऊन भरपाई. बुकमनची सहा पत्रं इथे आठव्या आणि नवव्या पायरीत मुरलेली आहेत. यंत्र मुळात नात्यांच्या दुरुस्तीचं होतं. ते दारूच्या कामाला लावलं गेलं, एवढंच.

मग ज्या घरात हे लिहिलं गेलं, त्या घरातल्या बाईचं काय?

लोइस बर्नहॅम ही डॉक्टरांची मुलगी. १९१८ मध्ये तिने बिलशी लग्न केलं आणि पुढची सोळा-सतरा वर्षं एकाच ध्यासात घालवली: याची दारू सोडवायची. ती दुकानात नोकरी करून घर चालवत होती, मोडलेली वचनं जोडत होती. मग तो सुटला, आणि सुटला तो कुठल्या तरी अनोळखी दारुड्यांच्या संगतीत. तिच्या इतक्या वर्षांच्या झिजण्याने जे झालं नाही, ते त्यांनी काही महिन्यांत केलं. एके दिवशी बिलने नेहमीच्या सुरात म्हटलं, आवर लवकर, मीटिंगला उशीर होतोय. लोइसने हातातला बूट त्याच्या दिशेने भिरकावला आणि त्याच्या मीटिंगांचा उद्धार केला. आपण इतके का चिडलो, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. नवरा शुद्धीवर आहे, घरात शांतता आहे, मग आग कशाची? उत्तर शोधायला तिला वेळ लागला. त्याला सांभाळणं हेच तिचं काम झालं होतं, आणि ते काम कुणीतरी काढून घेतलं होतं.

१९३९ च्या एप्रिलमध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे पुस्तक निघालं. त्यात बायकांना उद्देशून एक प्रकरण आहे. ते बायकांच्याच तोंडी घातलेलं आहे, पण लिहिलं बिलने. लोइसला ते लिहायचं होतं, पण सगळ्या पुस्तकाची शैली एक हवी, असं कारण बिलने दिलं. ही सल तिच्या मनात पुढे कित्येक वर्षं राहिली. नवरा पिऊन आला तरी डोकं शांत कसं ठेवावं, हे बायकोच्या आवाजात नवराच सांगतोय! त्याच महिन्यात गहाणात क्लिंटन स्ट्रीटचं घरही गेलं आणि पुढची दोन वर्षं दोघं मित्रांकडे बिऱ्हाड हलवत फिरले.

पुरुषांची मीटिंग चालू असताना बायका काय करायच्या? काही स्वयंपाकघरात कॉफी आणि केकची सोय बघायच्या, काही नवऱ्याला पोचवून बाहेर गाडीतच बसून राहायच्या. लोइसने एकदा खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांची रांग पाहिली आणि तिच्या लक्षात आलं की प्रत्येक गाडीत एकेक बाई एकटीच बसली आहे. तिने त्यांना आत बोलावलं. नवऱ्यांच्या तक्रारी करता करता या बायकांनी बारा पायऱ्या स्वतःला लावून पाहायला सुरुवात केली. १९५१ मध्ये लोइस आणि तिची शेजारीण ॲन बी. यांनी अशा ८७ विखुरलेल्या गटांना पत्रं पाठवली, आणि अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना उभी राहिली.

लोइसच्या गटांनी फक्त बारावी पायरी बदलली. ‘दारुड्यांपर्यंत’च्या जागी ‘इतरांपर्यंत’ आलं. पहिली पायरी जशीच्या तशी ठेवली. ज्या बाईने आयुष्यात ग्लासला ओठ लावला नाही, तीही म्हणू लागली की दारूपुढे मी हतबल आहे. अर्थ तिला ठाऊक होता: त्याच्या दारूपुढे. ती मी लावली नाही, मला आवरता येत नाही, मला बरी करता येत नाही. बाटलीवर पेन्सिलने खूण करणं, मोरीत दारू ओतणं, ऑफिसात फोन करून ‘यांना ताप आहे’ सांगणं, दिराकडून उसने आणून किराण्याचं देणं फेडणं, हे सगळं थांबवायचं कसं, हा अल-अनॉनचा रोजचा अभ्यास. महाराष्ट्रातही या सभा भरतात, आणि ताप आल्याचा तो फोन करायला इथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

या काळात तज्ज्ञ काय म्हणत होते? अनेकांचं मत असं, की अशा बायकांच्या मनातच काहीतरी बिघाड असतो, म्हणून त्या पिणारा नवरा निवडतात. १९५४ मध्ये समाजशास्त्रज्ञ जोन जॅक्सन यांनी दारुड्यांच्या बायकांकडूनच ऐकून घेऊन वेगळं मांडलं: या बायकांचं वागणं संकटात सापडलेल्या कुटुंबाचं वागणं आहे, आणि संकटाच्या पायऱ्यांप्रमाणे ते बदलतं. दोष स्वभावाचा की परिस्थितीचा, हा वाद तिथून जो सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

‘कोडिपेंडन्सी’ या शब्दाचा जन्म मात्र मिनेसोटातला. तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रांत दारू आणि इतर मादक पदार्थ या सगळ्यांसाठी मिळून ‘केमिकल डिपेंडन्सी’ हा शब्द रुळला. त्याआधी घरच्यांना ‘को-अल्कोहोलिक’ म्हणत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याचंच ‘को-डिपेंडंट’ झालं. व्हर्जिनिया सटीर यांनी कुटुंबाकडे एक सलग यंत्रणा म्हणून बघायला शिकवलं होतं. त्याच वाटेवर शॅरन वेगशायडर यांनी दारूच्या घरातल्या ठरावीक भूमिका मांडल्या: सगळं निभावून नेणारी बायको, पहिला नंबर आणणारं मूल, खोड्या काढून शिव्या खाणारं मूल, कोपऱ्यात हरवलेलं मूल, हसवणारं मूल. न्यूयॉर्कमध्ये १९७८ च्या सुमाराला अशाच घरांत वाढून मोठ्या झालेल्यांच्या गटात टोनी ए. याने स्वतःच्या चौदा लक्षणांची यादी वाचून दाखवली. तिथून पुढे घरात दारू उरलेली नसली तरी चालत होतं. बाप मेला होता, बाटल्या कधीच फेकल्या गेल्या होत्या, आणि तरी दाराची कडी वाजली की छातीत धडधडतंच होतं.

मग १९८६ उजाडलं. मिनेसोटातल्या मेलडी बीटी यांचं ‘कोडिपेंडंट नो मोअर’ हे पुस्तक त्या वर्षी आलं. त्या स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या होत्या, व्यसनी माणसांच्या बायकांचे गट त्यांनी चालवले होते आणि त्या बायकांत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला होता. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ टिमेन सर्माक यांनी कोडिपेंडन्सीला अधिकृत निदानाचा दर्जा मिळावा अशी मांडणी केली, पण अमेरिकी मनोविकारांच्या सूचीत तिला जागा मिळाली नाही, आजही नाही. आणि २२ ऑक्टोबर १९८६ या दिवशी ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात केन आणि मेरी या जोडप्याच्या पुढाकाराने कोडाची पहिली सभा भरली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. फिनिक्सचा आणि येरवड्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मुक्तांगणमध्येही व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट पुढे उभा राहिलाच. नवरा दाखल झाला आणि प्रश्न मिटला, असं कुठल्याच देशात होत नाही.

कोडाने पहिल्या पायरीत एकच शब्द बदलला. ‘दारूपुढे’च्या जागी ‘इतरांपुढे’ आपण हतबल आहोत, असं आलं. सभासद व्हायला अट एकच: निरोगी आणि प्रेमाची नाती हवीशी वाटणं. १९०८ मध्ये सहा माणसांवरच्या रागातून निघालेलं यंत्र दारूच्या पेठेत अर्धं शतक राबून पुन्हा माणसांच्या नात्यांवर आलं. लोइस तेव्हा पंच्याण्णव वर्षांची होती. १९८८ मध्ये ती गेली.

मात्र शब्द बदलताच कुंपण मोडलं. दारू कुणाला लागली आहे, हे निदान वासावरून तरी कळतं. इतरांपुढे हतबल कोण नाही? कोडाच्या लक्षणांच्या यादीत नाकारणं, स्वतःला कमी लेखणं, मान तुकवणं, ताबा ठेवणं, टाळणं अशी शीर्षकं आहेत. वाचता वाचता प्रत्येकाला आपलं नाव सापडतं. १९९२ मध्ये लेखिका वेंडी कॅमिनर यांनी या सगळ्या लाटेची पुस्तकभर खिल्ली उडवली ती याच मुद्द्यावर: सगळेच आजारी असतील तर आजार म्हणजे काय? स्त्रीवाद्यांचा आक्षेप आणखी टोकदार होता. बाईला जन्मापासून शिकवायचं की दुसऱ्यासाठी झिज, आणि ती झिजली की तिलाच रोगी ठरवायचं. वर हतबल असल्याचं कबूल करायला लावायचं, तेही मार खाणाऱ्या बाईला?

हे आक्षेप पोकळ नाहीत. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात आधी सुरक्षित जागा लागते, पायऱ्या नंतर. पण आपल्याकडून पाहताना मला आणखी एक दिसतं. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ हे नाटक रंगभूमीवर आलं आणि दारुड्या नवऱ्याचं सगळं सोसणाऱ्या सिंधूला मराठी प्रेक्षकांनी देव्हाऱ्यात बसवलं. त्याच सोशिकपणावर मिनेसोटाने पुढे रोगाची चिठ्ठी चिकटवली. पूजा करणाऱ्यांनी आणि निदान करणाऱ्यांनी, दोघांनीही तिच्याविषयी बोलताना तिलाच बोलायला जागा ठेवली नाही. कोडाच्या सभेत निदान ती जागा आहे. ठरलेली काही मिनिटं, फक्त पहिलं नाव, आणि मधे कुणी बोलायचं नाही.

याला तिथे क्रॉसटॉकला मनाई म्हणतात. दुसऱ्याच्या बोलण्यावर शेरा नाही, सल्ला नाही, ‘माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं, तिने काय केलं माहितीये?’ हेही नाही. ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये सोबती तुमची वही तपासायचे. ॲक्रनमध्ये बिल उपदेश सोडून स्वतःबद्दल बोलला. फिनिक्सपर्यंत येता येता ऐकणाऱ्याकडे फक्त ऐकणं उरलं. दुसऱ्याला दुरुस्त करणं हेच ज्यांचं दुखणं, त्यांच्या सभेत एकमेकांना दुरुस्त करू दिलं तर तासाभरात चाळीस घरं सुधारली जातील आणि चाळीस माणसं होती तशीच घरी जातील.

म्हणून तो डबा मधे असतो. रडणारी बाई उठते, तिच्या खुर्चीचा पाय फरशीवर घासतो, सगळे बघत असतात आणि कुणी उठत नाही. ती कागद ओढते, नाक पुसते, परत येऊन बसते. मग शेजारीण आपली पाळी आल्यावर स्वतःबद्दल बोलायला लागते. आधीचीला उत्तर कुणीच दिलेलं नसतं. बुकमनच्या सहा पत्रांनाही कुठे आलं होतं?